झाकण काढू नये

सुजाता गेल्याची बातमी मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. ज्या ग्रुपमधून तिला काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर. मी सकाळचा चहा गाळत होते, फोन वाजत राहिला, आणि उघडून पाहिलं तर एक तेवती ज्योत, खाली गुलाबाचं फूल, आणि ‘विज्ञाननिष्ठ, विद्यार्थिप्रिय शिक्षिका श्रीमती सुजाता गायकवाड यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. पाठवणारे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी. हे सेक्रेटरी म्हणजे माझेच चुलतदीर, मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्या खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, एकापाठोपाठ एक, जसं काही हजेरी द्यायची होती. शाळेला निघताना चक्कर येऊन पडली, मेंदूत रक्त साकळलं होतं, नगरला नेईपर्यंत सगळं संपलं, हे मला नंतर तिच्या भावाकडून कळलं. ग्रुपवर तसलं काही नव्हतं. ग्रुपवर नुसती फुलं होती. चहा गाळणीतून ओट्यावर सांडत होता आणि मी ते हात बघत उभी होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमची सासू म्हणायची. ती म्हण इतकी खरी असेल असं वाटलं नव्हतं.

सुजाता आमच्या शाळेत आली तेव्हा मी तिथं मराठी शिकवत होते आणि बऱ्यापैकी जुनी झाले होते. नेवाशाच्या रस्त्यावरची आमची शाळा, पाचवी ते दहावी, मागे उसाचे मळे. नवीन बाई आल्या की स्टाफरूममध्ये चौकशी सुरू होते, आणि ती चौकशी कशी असते हे आपल्याकडं सांगायला नको. गायकवाड आडनाव दोन्हीकडं असतं, त्यामुळं लोकांचा फार खोळंबा होतो. मूळ गाव कोणतं? घोडेगाव. घोडेगावात कुठं राहता? बाजाराजवळ. बरं, कुलदैवत कोणतं तुमचं? तेव्हा ती डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली, “आम्ही बौद्ध आहोत.” अगदी सहज, वार सांगावा तसं. त्या दुपारी दोघीजणींना एकाएकी उपास आठवला, तिसरीचं डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून डबा खायच्या वेळा बदलल्या. कुणी काही वावगं बोललं नाही, कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. वरून सगळं स्वच्छ, नितळ. मीही यावर फार विचार केला नव्हता… मला आपलं तिची वांग्याची भाजी आवडली, म्हणून मी तिच्या शेजारी बसत राहिले.

खरी मैत्री जमली ती पाकावरून. दिवाळीच्या आधी मी रव्याचे लाडू केले होते, आणि पाकानं असा दगा दिला की परातीत सगळं दगडासारखं बसलं. मी स्टाफरूममध्ये चिडचिड करत होते, तर ही खो खो हसायला लागली. मला राग आला. मग तिनं मला पाक म्हणजे काय ते सांगितलं. पाण्यात साखर विरघळते, पण किती विरघळायची याला एक हद्द असते. हद्द आली की ते झालं संपृक्त, म्हणजे पाण्याचं पोट भरलं. पाणी तापवलं की पोट मोठं होतं, आणखी साखर जाते. आता ते हळूच, न हलवता गार केलं, तर कधीकधी साखर खाली बसायचं विसरून जाते. पाण्यात तिच्या हक्कापेक्षा जास्त साखर असते, आणि दिसायला ते नुसतं पाणी. हे अतिसंपृक्त. असं पाणी कशाची तरी वाट बघत असतं. डावाला चिकटलेला साखरेचा एक दाणा, भांड्याच्या कडेचा एक खडा परत आत पडला, की सगळी साखर त्याच्याभोवती गोळा होते. “ताई, तुम्ही कडेची साखर खरवडून पाकात लोटली असणार,” ती म्हणाली. लोटली होती. माझ्या आईनं मला पाकात लिंबू पिळायला शिकवलं होतं, का ते तिलाही माहीत नव्हतं. लिंबानं साखर परत दाणा धरत नाही, हे सुजातानं सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपल्याला शाळेत अशी बाई असती तर आपण मराठीच्या वाटेला गेलोच नसतो.

सातवी-आठवीच्या पोरींना ती हेच शिकवायची, पण साखरेवर भागवायची नाही. तिच्या भावाचा, मिलिंदचा, घोडेगावात फोटो स्टुडिओ आहे. रोल धुवायचे दिवस होते तेव्हा त्याच्याकडं पांढऱ्या खड्यांचं एक रसायन लागायचं, फोटोवाले त्याला हायपो म्हणतात. मोबाईल आले, रोल गेले, आणि हायपोचा एक डबा मिलिंदच्या माळ्यावर तसाच राहिला. तो सुजातानं उचलला. ते खडे थोड्याशा पाण्यात घालून गरम पाण्यात बाटली धरली की विरघळून पाण्यासारखे होतात. मग बाटलीवर बशी पालथी घालायची आणि निवत ठेवायची. बाटलीच्या पुढं टेबलावर ती खडूनं लिहायची, ‘झाकण काढू नये’, कारण बाहेरचा एखादा कणही गोठायला पुरतो. दुसऱ्या दिवशी तासाला एका पोरीनं बशी काढायची, एकीनं हायपोचा एक बारका खडा आत सोडायचा. खडा पडला की त्याच्यापासून पांढरे काटे फुटत जायचे, खाली, वर, बाजूला, आणि बघता बघता बाटली गच्च. पोरी ओरडायच्या. पण तिची गंमत पुढंच होती. गोठलेली बाटली ती पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरवायची. नियमच होता, सगळ्यांनी हात लावायचा. कारण ती गरम लागते. आपल्याला वाटतं गोठलं म्हणजे गार, बर्फासारखं. इथं उलटं. सुटं होतं तोवर ऊब आत दडून होती, आता बाहेर आली. ज्यांचे बाप साखर कारखान्यात पॅनवर, रस आटवायच्या मोठ्या कढईवर, होते त्या पोरींना ती म्हणायची, घरी विचारा, साखरेचा दाणा धरायला पॅनमध्ये आधी काय सोडतात. पोरी विचारून यायच्या आणि फुशारकीनं सांगायच्या, बारीक साखरेचं बी सोडतात म्हणून.

हे सगळं व्हायचं ते शाळेच्या मागच्या खोलीत. तिला प्रयोगशाळा म्हणायचं, पण होती एक लांबट खोली, दोन टेबलं, एक गळका नळ. सुजाताला शाळेत हवं असलेलं एवढंच. बढती नको, सत्कार नको, ती खोली हवी. आणि संस्थेला ती खोली ऑफिसला हवी होती. भाऊजी एकदोनदा टेप घेऊन भिंती मोजून गेले. सुजाता त्यांच्याकडं गेली, मी सोबत होते. शेवटी असं ठरलं की तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्या शाळेत आहे, संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनाला येणार आहेत, तिनं काय दाखवायचं ते त्यांना दाखवावं. त्यांना पटलं तर खोली प्रयोगशाळाच राहील. सुजाता त्या दिवशी परत येताना जवळजवळ पळत होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं बाटल्यांची रांग लावली. प्रत्येक बाटलीवर पालथी बशी, प्रत्येक बाटलीमागं उद्या एक पोरगी उभी राहणार, आणि अध्यक्षांच्या समोर एकीनं खडा सोडला की दुसरीनं, मग तिसरीनं… पोरींच्या वेण्यांना रिबिनी कोणत्या, हेसुद्धा ठरलं होतं. खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘झाकण काढू नये’. मी स्वतः बघितलं.

आता जे झालं ते आपल्याकडंच होऊ शकतं. अध्यक्ष आले, दीप लागला, नारळ फुटला, आणि हेडसरांच्या मनात आलं की साहेबांच्या हातून उपकरणांचं पूजनही होऊन जाऊ दे. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, मोटारीला कुंकू लावतो, तसंच. वाईट हेतू काही नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. सुजाता दाराशी पोरींना ओळीत उभं करत होती. हेडसरांनी बश्या उचलल्या, कारण पालथ्या बशीची पूजा कशी करणार? अध्यक्षांनी हळदकुंकू वाहिलं आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. आपण टाकतो तशा, उदार हातानं. बाटल्यांत पडल्या. क्षणभर काही नाही. मग पहिल्या बाटलीत काटे फुटले, मग तिसरीत, मग दुसरीत, आणि कुंकवानं लालसर झालेले पांढरे गोळे टेबलावर उभे राहिले. पोरी अजून दारातच होत्या, हातात चिमटीत एकेक खडा धरून.

अध्यक्ष म्हणाले, हे काय, नासलं का काय? हेडसरांचा चेहरा पडला. सुजाता आली, तिनं बघितलं, आणि मला वाटलं ही आता रडणार. ती रडली नाही. तिचे डोळे चमकायला लागले. तिच्या दृष्टीनं प्रयोग झाला होता, फक्त वेळेच्या आधी झाला होता. तिनं एक बाटली उचलून पुढं धरली. “साहेब, अक्षता पडल्या म्हणून गोठलं. हाच प्रयोग आहे. हात लावून बघा, गरम लागेल.”

अध्यक्षांनी हात लावला नाही. त्यांनी हात जोडले आणि पुढच्या टेबलाकडं गेले, जिथं ठिबक सिंचनाचं मॉडेल होतं आणि लाल बल्ब लागत होते. हात का लावला नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला जे वाटलं ते मी त्याच दिवशी हेडसरांना सांगितलं, त्यावर त्यांनी मला चहा देऊ का विचारलं. सुजाता बाटली धरून तशीच उभी होती. मग ती पोरींकडं वळली आणि तिनं ती पहिल्या पोरीच्या हातात दिली. नियम होता ना, सगळ्यांनी हात लावायचा.

दुपारच्या जेवणापर्यंत वाक्य बदललं होतं. ‘अक्षता पडल्या म्हणून गोठलं’ याचं झालं ‘अक्षतांनी नासलं’. संध्याकाळी चौकात ते झालं ‘बाई म्हनती पूजेनं वाटोळं केलं’. दुसऱ्या दिवशी पालकसभेत एकजण उठला आणि म्हणाला, त्यांच्यातल्या बाईला आपली पूजा खुपती, मग तिनं आपल्या पोरांना काय शिकवायचं? त्यांच्यातल्या. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्या दिवशी तो मला सुईसारखा टोचला. इतकी वर्षं हे लोक तिच्याकडून पोरांच्या शिकवण्या करून घेत होते, वाटेत भेटली की मॅडम नमस्कार म्हणत होते. वरून बघितलं तर पाणी. आणि पोटात हे सगळं विरघळून बसलेलं, हक्कापेक्षा जास्त, एका दाण्याची वाट बघत. सुजाता तिच्या पद्धतीनं बोलली असती तर म्हणाली असती, ताई, दाण्याचा काय दोष. पण मी तिच्यासारखी नाही. मी त्या माणसाला सभेतच म्हणाले की उचलली जीभ लावली टाळ्याला असं बोलू नका, तुमची पोरगी त्या दारात खडा धरून उभी होती, घरी जाऊन तिला विचारा. त्यानं विचारलं की नाही कोण जाणे. त्या आठवड्यात ती पोरगी शाळेत आली नाही.

संस्थेनं सुजाताकडं खुलासा मागितला, मग म्हणाले खुलासा नको, नुसती माफी मागा, प्रकरण मिटवू. ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती, मी भाकरी थापत होते. “ताई,” ती म्हणाली, “मी माफी कशाची मागू? द्रावण गोठलं याची?” भाकरी तव्यावर करपली. मी त्याच पिठाच्या हातानं पदर खोचला आणि भाऊजींच्या घरी गेले. ओसरीवर माणसं बसलेली होती, त्यांच्यादेखत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, पाकापासून हायपोपर्यंत. भाऊजी काही बुद्दू नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, समजून घेतलं. मग मला दाराशी आणून हळूच म्हणाले, “वहिनी, तुमचं खरं हाय. पन लोकांना कोन समजावनार?”

ती माफी कधी मागितली गेली नाही. सुजाताची बदली झाली, संस्थेच्या पूर्वेकडच्या शाखेत, पार पाथर्डीच्या पुढं. कोरडं रान, पत्र्याचे वर्ग, प्रयोगशाळेचं नाव नाही. मागच्या खोलीला प्लायवूडचं पार्टिशन घालून ऑफिस झालं, नळ बंद केला. ग्रुपमधून तिचं नाव काढलं, कारण म्हणे तो फक्त आपल्या शाखेचा. ती रोज घोडेगावाहून एस.टी.नं ये-जा करायची, बस बदलून. मी निवृत्त झाले. तरी रविवारी ती कधीमधी यायची, जेवायची. तिथल्या पोरांना ती तुरटीचे खडे दोऱ्याला टांगून वाढवून दाखवायची, काकवीच्या बाटलीच्या तळाला धरलेली साखर फोडून वाटायची. तिला विचारलं की तिकडं कसं आहे, तर म्हणायची, पोरं छान आहेत. माझ्याच जिवाची तगमग व्हायची. शेवटची आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं की मागच्या खोलीतला तो नळ अजून गळतो का. मी म्हणाले, बंद केला. ती म्हणाली, “बरं झालं, लई पाणी जायचं.” असं गावाकडचं ती क्वचित बोलायची. त्याच महिन्यात ती गेली.

घोडेगावला मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेले. वंदना झाली, माणसं जेवली, आणि निघताना मिलिंदनं मला आत बोलावलं. फळीवर लोणच्याची एक चौकोनी बाटली होती, वर पालथी बशी. आत पाणी. “ताईची हाय,” तो म्हणाला. “कुनी हात लावू देत न्हवती. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या.” शाळेनं त्याच्याचकडून तिचा मोठा फोटो फ्रेम करून मागवलाय, हेही त्यानं सांगितलं. बाटलीला बूच लावून मी ती मांडीवर धरून एस.टी.नं घरी आणली. बस घोडेगावच्या बाजारातून उडत-आदळत निघाली, तरी ते पाणी तसंच राहिलं. ते स्वच्छ असलं तर धक्के सोसतं, असं ती म्हणायची. स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवली, वर बशी घातली.

गेल्या आठवड्यात भाऊजी आले. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला, रीतीप्रमाणं पत्रिकेसोबत अक्षता घेऊन. मी चहा ठेवला. मग खरं काम निघालं. शाळेत कुठल्याशा कंपनीच्या देणगीतून डिजिटल वर्ग झालाय. त्याच मागच्या खोलीत, ऑफिस पुढं हलवून. तिला सुजाताचं नाव द्यायचं ठरलंय, ‘सुजाता गायकवाड विज्ञान दालन’. अध्यक्ष येणार आहेत, फोटोला हार घालणार आहेत, आणि मी दोन शब्द बोलावेत. तुमची मैत्रीण हुती, असं भाऊजी म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, खिडकीतली बाटली आणून त्यांच्यापुढं ठेवली आणि बशी काढली. त्यांनीच आणलेल्या अक्षतांतला एक दाणा उचलला आणि आत टाकला.

दाणा तळाला गेला. काही नाही. भाऊजी माझ्याकडं बघायला लागले. मग तळातून काटे फुटले. ते वर चढले, बाजूला पसरले, आणि सगळं पांढरं होऊन बसलं. मी बाटली उचलून त्यांच्या हातात दिली. नको म्हणायला त्यांना वेळच मिळाला नाही.

“गरम हाय की,” ते म्हणाले. खूप वेळ ती त्यांनी तशीच धरली. मग त्यांनी विचारलं, “त्या दिशी बी हेच झालं हुतं?”

“हेच.”

भाऊजींनी बाटली खाली ठेवली. पत्रिकांची पिशवी उचलली. दारात चपला घालताना पाठ माझ्याकडं होती. “वहिनी, भाषनात हे काढू नका. आता चांगलं व्हतंय तिचं. लोकांना कोन समजावनार?”

त्यांचा चहा तसाच राहिला होता. मी तो ओतून टाकला, पातेल्यात पाणी तापवलं आणि बाटली त्यात उभी केली. हळूहळू पांढरं विरघळलं, तांदळाचा दाणा तळाशी सुटा झाला. तो गाळून काढला, वर बशी घालून निवू दिलं. आता ती परत खिडकीशी आहे, नितळ. हे मी लिहितेय ते छापून आलं की भाऊजी माझ्याशी बोलणार नाहीत, लग्नातही पान मांडतील की नाही शंका आहे. पण कार्यक्रमाला मी जाणार आहे. दोन शब्द बोला म्हणाले, ते बोलेन. पिशवीत बाटली असेल, ती फोटोपुढच्या टेबलावर ठेवीन. त्या मागच्या खोलीत, जिथं तिचा नळ होता. अध्यक्ष पहिल्या रांगेत, हात लावता येईल एवढ्या जवळ बसतील. अक्षता त्यांच्या तबकात असतातच. झाकण या वेळी मी काढणार आहे.